समुपदेशनाच्या खोलीबाहेर बसणाऱ्या ताईला सोबत कशी करावी?

ऐरोलीची_मावशी

नमस्कार. मी येथे बरीच वर्षे वाचनमात्र आहे. स्वतः धागा काढण्याची ही पहिलीच वेळ. विषय घरचा आणि नाजूक असल्यामुळे काही तपशील मुद्दाम बदलले आहेत, प्रश्न मात्र खरा आहे.

माझी थोरली बहीण ठाण्यात, घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीला राहते. ती एका सहकारी बँकेत नोकरीला आहे, दाजी कामानिमित्त सोमवार ते शुक्रवार पुण्यात असतात आणि घरी ताईच्या सासूबाई आहेत. त्यांची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी भाची, १५ वर्षांची असून यंदा दहावीला आहे. जूनपर्यंत सारे सुरळीत होते, निदान आम्हांला तसे वाटत होते. त्यानंतर तिने शाळा आधी टाळली आणि मग बंदच केली. सकाळी पोटात दुखे, दुपारी बरे वाटे आणि रात्री तीन-तीन वाजेपर्यंत खोलीतला दिवा चालू असे. कोणी काही विचारले की दार आपटले जाई. गणपतीत आरतीच्या वेळी तिची बाही वर सरकली आणि ताईला हातावरच्या जखमा दिसल्या. त्या तिने स्वतःच करून घेतल्या होत्या. तेव्हापासून नौपाड्यात एका समुपदेशक बाईंकडे दर बुधवारी संध्याकाळी सत्र असते. मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवले आहे आणि महिनाभरापासून गोळ्या चालू आहेत.

भाचीकडे पाहणारी माणसे आहेत आणि ती जाणती आहेत. माझा प्रश्न ताईविषयी आहे. ती रात्री अकरानंतर मला फोन करते तो ड्राय बाल्कनीतून, वॉशिंग मशीन चालू करून, म्हणजे आतल्या खोलीत सासूबाईंना आणि लेकीला तिचे बोलणे ऐकू जात नाही. मशीनमध्ये कपडे असतात की नसतात, हे विचारण्याचे धाडस मला झालेले नाही.

गेल्या बुधवारी मी प्रथमच त्यांच्याबरोबर गेले. भाची आत गेली आणि दार लागले. बाहेर चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोणीतरी विसरलेली छत्री आणि पाण्याचे पिंप. पन्नास मिनिटे ताई पर्सची चेन उघडत होती आणि लावत होती. मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला, तिने हुंकार दिला. दार उघडले तशी ती लेकीच्या चेहऱ्याकडे अशी पाहू लागली, जशी माणसे दवाखान्यात रिपोर्टच्या पाकिटाकडे पाहतात. रिक्षात बसताच तिने विचारले, "काय म्हणाल्या बाई?" त्यावर भाचीने कानात हेडफोन घातले, ते थेट कासारवडवली येईपर्यंत.

मी आजवर केले ते एवढेच की "होईल गं सगळं ठीक" असे अनेकदा म्हटले आणि समुपदेशनावरचे काही व्हिडिओ पाठवले, ज्यांतला एकही तिने पाहिलेला नाही. भाऊबिजेला आमच्या एका आत्याने सर्वांसमोर भाचीला विचारले, "यंदा दहावी ना? नव्वद तरी पडतील ना?" भाची ताटावरून उठून गेली, तिच्यामागे ताई गेली आणि मी इतरांना श्रीखंड वाढत राहिले. तेव्हापासून मला स्वतःचीच चीड येत आहे. मूल उपचार घेत असताना त्याच्या आईला नेमका कशाचा आधार वाटतो? ज्यांनी हे सोसले आहे त्यांनी कृपया लिहावे.

सखी_नेरूळ

तुमचा धागा वाचून मला माझीच ड्राय बाल्कनी आठवली. आमच्याकडे ती स्वयंपाकघराला लागून होती आणि मी मिक्सर लावत असे.

माझा मुलगा आता २१ वर्षांचा आहे. बारावीत असताना त्याने पाच महिने घराबाहेर पाऊल टाकले नाही आणि पुढे दीड वर्ष उपचार चालले. त्या काळात "काही लागलं तर नक्की सांग" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले की त्याचा मला मनस्वी वीट आला. म्हणणाऱ्यांचा हेतू चांगलाच असे, परंतु आपल्याला काय लागते हे शोधून, शब्दांत मांडून, वर संकोच गिळून कोणाला तरी फोन करायचा, एवढे बळ त्या दिवसांत अंगात नसते. माझ्या धाकट्या जावेने काहीच विचारले नाही. ती दर गुरुवारी जुईनगरहून यायची, सासूबाईंना घेऊन देवळात जायची, परत आल्यावर आठवड्याची भाजी निवडून डब्यांत भरून ठेवायची आणि निघून जायची. मुलाविषयी ती एक अक्षर बोलत नसे. गवार निवडताना मीच एकदा आपणहून बोलायला लागले आणि मग तासभर थांबले नाही. तिने त्या तासात एकही उपाय सुचवला नाही, याचे मला आजही अप्रूप वाटते.

तेव्हा तुम्ही ताईला "काय करू?" असे विचारू नका. "बुधवारी मी येते आणि रात्रीचा स्वयंपाक घेऊन येते" एवढे सांगा. ती नको म्हणेल. तरीही जा.

आणखी एक गोष्ट लिहिते, कारण तिच्यात मी स्वतः चुकले आहे. "काय म्हणाल्या बाई?" हा प्रश्न मीही प्रत्येक वेळी जिना उतरतानाच विचारत असे. शेवटी मुलाच्या समुपदेशकांनी मला वेगळे बोलावून सांगितले की मी परीक्षेच्या केंद्राबाहेर उभ्या असलेल्या पालकासारखी 'पेपर कसा गेला' असे विचारते आणि त्यामुळे मुलगा आत बसल्या बसल्याच बाहेर काय सांगायचे याची तयारी करू लागतो. मला त्याचा फार राग आला होता. चार-पाच आठवड्यांनी पटले.

उन्हातला_पारिजात

मी व्यवसायाने समुपदेशक आहे. येथे कोणावर उपचार करता येत नाहीत आणि करूही नयेत, त्यामुळे केवळ सर्वसाधारण माहिती लिहितो.

पहिली गोष्ट तातडीची आहे. स्वतःला इजा करणाऱ्या प्रत्येक मुलाला मरायचेच असते असे नाही. असह्य झालेली भावना काही काळ बोथट करण्याची ती एक धडपड असू शकते. मात्र अशा मुलांमध्ये आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो, म्हणून ते 'लक्ष वेधण्यासाठी केलेले नाटक' समजून सोडून देणे योग्य नाही. घरातील सर्व औषधे, त्यांत आजींच्या रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्याही आल्या, कुलपात ठेवावीत आणि भाचीच्या गोळ्या एका मोठ्या माणसाने रोजच्या रोज हातात द्याव्यात. "तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?" असे सरळ आणि शांतपणे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात नव्याने शिरत नाही, उलट, बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी असेल, विशेषतः तिने काही ठरवून ठेवले असेल, तर बुधवारची वाट न पाहता तिला एकटे न सोडता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. ती २४ तास आणि विनामूल्य असून मराठीतही बोलता येते. तो क्रमांक तुमच्या ताईंसाठीही आहे, हे त्यांना आवर्जून सांगा. रात्री अकरानंतर तुम्ही झोपलेल्या असाल तेव्हा तो उपयोगी पडेल.

गोळ्यांबद्दल. नैराश्यावरील नेहमी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांचा परिणाम जाणवायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे महिन्याभरात 'काहीच फरक नाही' असे वाटणे स्वाभाविक आहे. याउलट पहिल्या काही आठवड्यांत काही मुलांची अस्वस्थता वाढते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये लहान आणि किशोरवयीन रुग्णांच्या संदर्भात या गोळ्यांच्या माहितीपत्रकावर ठळक इशारा छापणे बंधनकारक केले, ते याच कारणासाठी. याचा अर्थ गोळ्या घेऊ नयेत असा होत नाही. सुरुवातीला आणि मात्रा बदलताना मुलाकडे अधिक लक्ष ठेवावे, असा होतो. बरे वाटू लागले म्हणून किंवा कोणी नातेवाइकाने भीती घातली म्हणून त्या एकाएकी बंद करू नयेत.

आता ताईंविषयी. सुरुवातीची पाच-सहा सत्रे बहुतेक वेळा विश्वास जुळण्यातच जातात, आणि त्यानंतर अनेकदा घरी मुलाचा राग वाढलेला दिसतो, कारण आजवर जे स्वतःवर निघत होते ते आता बाहेर येऊ लागते. नेमक्या याच टप्प्यावर पालकांचा धीर सुटतो आणि 'पैसे फुकट चालले' असे वाटून सत्रे बंद केली जातात. तुम्ही मावशी म्हणून तिथे असणे मोलाचे आहे, कारण ताईंना तो राग रोज अंगावर झेलावा लागतो आणि तुम्हांला तो थोडा लांबून पाहता येतो. त्यांनी समुपदेशक बाईंकडे पालकांसाठीचे वेगळे सत्र मागावे. बहुतेक समुपदेशक ते आनंदाने देतात, पण विचारावे लागते. शक्य असल्यास त्या सत्राला दाजींनीही यावे. शनिवारची वेळ मिळत असेल तर पुण्याची सबब उरत नाही.

घोडबंदरवासी

चर्चा चांगली आहे, परंतु एका बापाची बाजूही नोंदवतो. माझी मुलगी आठ महिन्यांपासून समुपदेशनाला जाते. दर आठवड्याला मी पैसे मोजतो, मेट्रोच्या कामामुळे तुंबलेल्या रस्त्यावरून तिला ने-आण करतो आणि आत काय चालते याचा मला थांगपत्ता नसतो. विचारले तर 'गोपनीय' असे उत्तर मिळते. मुलगी माझी, १६ वर्षांची, अजून कायद्याने अज्ञान, आणि तिच्या मनात काय आहे हे एका परक्या बाईला ठाऊक पण मला नाही, ही गोष्ट मला पचत नाही. उद्या काही बरेवाईट झाले तर जबाबदार मीच ना? शिवाय घरात कोणी आवाज चढवला की "तुम्ही मला ट्रिगर करताय" असे ऐकवले जाते. मर्यादा नावाची काही चीज उरली आहे की नाही?

उन्हातला_पारिजात

@घोडबंदरवासी, तुमचा राग मला गैर वाटत नाही. यातले दोन धागे वेगळे करून पाहू.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि मे २०१८ पासून लागू आहे. त्यात रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क आहे. त्याचबरोबर १८ वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालक हेच त्यांचे नामनिर्देशित प्रतिनिधी मानले जातात. म्हणजे निदान काय आहे, उपचारांची दिशा काय, औषध कोणते आणि धोका किती, हे विचारण्याचा तुम्हांला पुरेपूर अधिकार आहे आणि या प्रश्नांना 'गोपनीय' हे उत्तर पुरेसे नाही. मुलीने कोणत्या मैत्रिणीबद्दल काय सांगितले किंवा तुमच्याविषयी काय म्हटले, हे मात्र समुपदेशक सांगणार नाही, कारण ते एकदा सांगितले की दुसऱ्यांदा ती काही सांगणार नाही. जिवाला धोका असेल तर पालकांना कळवले जाते. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारकच आहे. हे सारे पहिल्याच भेटीत पालक आणि मूल दोघांना समोर बसवून सांगायला हवे होते. तुमच्या बाबतीत ते राहून गेले असेल तर पुढच्या खेपेला स्पष्ट विचारा.

मर्यादेबद्दल म्हणाल, तर समुपदेशन घेणाऱ्या मुलालाही घराचे नियम असतात. रात्री अमुक वाजता फोन बाहेरच्या खोलीत, शिवीगाळ नाही, भांडी फोडणे नाही, असे थोडे पण पक्के नियम ठरवून ते शांतपणे पाळणे उपचारांच्या आड येत नाही. आवाज चढवणे ही मात्र मर्यादा नसते.

घोडबंदरवासी

शेवटचे वाक्य माझ्यासाठी होते हे कळले. विचारून पाहतो. पूर्ण पटले आहे असे म्हणत नाही.

अबोली_तेवीस

मी या धाग्यात दुसऱ्या बाजूची आहे. १६ व्या वर्षी मी वाशीला एका समुपदेशकांकडे जात असे आणि बाहेर आई बसलेली असे. आता मी २३ वर्षांची आहे आणि तिच्याविषयी जे तेव्हा सांगता आले नाही ते लिहिण्याचा प्रयत्न करते.

मला तेव्हा आईचा राग येत असे तो ती काही बोले म्हणून क्वचितच. तिच्या चेहऱ्यावर सतत मी दिसत असे, म्हणून येई. मी जेवले तर तिचा चेहरा उजळे, मी अर्धी पोळी टाकली तर तो पडे. तिचा आख्खा दिवस माझ्या पोळीवर टांगलेला आहे हे मला सोळाव्या वर्षी पेलत नव्हते. एका शनिवारी तिची कॉलेजातली मैत्रीण आली आणि तिला जवळजवळ ओढत गडकरी रंगायतनला नाटकाला घेऊन गेली. आई जाताना पाच वेळा मागे वळली. परत आली तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते, ती नाटकातला कुठलातरी प्रसंग बाबांना सांगत हसत होती आणि माझ्या खोलीत डोकावायला विसरली. मी खूप दिवसांनी त्या रात्री लवकर झोपले. आईला हे मी अजूनही सांगितलेले नाही. ऐकून तिला वाईट वाटेल की बरे, याचा अंदाज येत नाही.

मावशीबाई, तुमच्या भाचीने तुम्हांला काही गुपित सांगितले आणि "आईला सांगू नकोस" म्हटले, तर आधीच स्पष्ट करा की जिवाशी खेळ असेल तर तुम्ही सांगणार. माझ्या एका मामेबहिणीने मला शब्द दिला, पुढे घाबरून तो मोडला आणि मी वर्षभर तिच्याशी बोलले नाही. तिचे चुकले नव्हते, शब्द द्यायला नको होता. आणि दोघींमधली निरोप्या होऊ नका. "आईला सांग, मला क्लासला नाही जायचं" असे ती म्हणेल. "तूच सांग, मी शेजारी बसते" असे म्हणता येते.

निवृत्त_मास्तर

मी ठाण्यातील एका माध्यमिक शाळेत ३१ वर्षे गणित शिकवले. या धाग्यात शाळेचा विषय कोणी काढला नाही, म्हणून लिहितो. दहावीच्या वर्षाची भीती ही ताईंच्या रात्रीच्या फोनमागची अर्धी भीती असणार, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

ताईंनी शाळेपासून लपवू नये. सर्व तपशील सांगण्याची गरज नाही. 'मुलगी आजारी असून तज्ज्ञांचे उपचार चालू आहेत' एवढे लेखी द्यावे आणि सोबत मानसोपचारतज्ज्ञांचे प्रमाणपत्र जोडावे. हजेरीचा प्रश्न फेब्रुवारीत उभा राहिल्यावर धावपळ करण्यापेक्षा नोव्हेंबरातच कागद आवक-जावक नोंदीसह दिलेला बरा. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्यावा. (माझ्या व्यवसायबंधूंना राग येईल, परंतु तोंडी सांगितलेले शाळेत कोणाच्याही लक्षात राहत नाही.) फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा देणे जमले नाही तर जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. वर्ष सोडावेच लागले तर पुढे १७ क्रमांकाचा अर्ज भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावी देता येते. मी असे अर्ज भरलेली मुले पुढे अभियंता झालेली पाहिली आहेत, आणि पंच्याण्णव टक्के मिळवून नंतर कोलमडलेलीही पाहिली आहेत.

तुमच्या आत्याबाईंसारख्या प्रश्नकर्त्यांचा बंदोबस्त मात्र मावशीने करावा. आईला प्रत्येक वेळी उत्तर देणे जमत नाही. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तुम्ही दोन-चार ज्येष्ठांना फोन करून "परीक्षेचा विषय काढू नका" असे नम्रपणे सांगितलेत, तर ती मोठी सेवा होईल.

कोपरीचा_कट्टेकरी

दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो, कारण आमच्या घरी खर्चावरून बरेच वाद झाले. २०१७ च्या कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यायचे आहे, परंतु बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी असतात, त्यामुळे आठवड्याच्या सत्राची फी सहसा खिशातूनच जाते. फी झेपत नसेल तर समुपदेशकांशी मोकळेपणाने बोलावे. अनेक जण सवलत देतात किंवा सत्रे पंधरवड्यावर आणतात. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे आणि तिथे बाह्यरुग्ण विभागात तपासणी होते, पण 'ठाण्याला पाठवा याला' हा आपल्याकडचा जुना विनोद अजून लोकांच्या डोक्यातून जात नाही, त्यामुळे माणसे त्या फाटकातून आत जायला कचरतात. ज्या ठाण्याच्या नावावर हा विनोद आहे, त्याच ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था सुरू केली आणि मनाच्या आजारांविषयी मराठीत उघडपणे बोलण्याची सवय अनेकांना लावली, हेही नमूद करतो.

समुपदेशकाची पात्रता विचारण्यात संकोच करू नये. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीधर असतात आणि औषध तेच देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. 'समुपदेशक' ही पाटी मात्र आज कोणीही लावतो.

सखी_नेरूळ

कट्टेकरी, विनोदाबद्दल लिहिलेत ते बरे केलेत. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी तो विनोद माझ्या मुलादेखत केला होता, लिफ्टमध्ये, सहा मजले.

मावशी, ताईंना एकटेपणाने घेरले असेल तर त्यांना हेही सांगा की त्यांच्यासारखी घरे पुष्कळ आहेत. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये काही ना काही मानसिक विकार आढळला होता. म्हणजे पन्नास-साठ मुलांच्या वर्गात तीन-चार मुले. ही आकडेवारी मला माझ्या मुलाच्या डॉक्टरांनी सांगितली तेव्हा मी मनातल्या मनात त्याच्या वर्गातल्या इतर तीन आयांचा शोध घेत बसले होते.

ऐरोलीची_मावशी

सर्वांचे आभार. प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर देणे जमले नाही, पण सारे वाचले आणि काही प्रतिसाद दोनदा वाचले. काय काय झाले ते कळवते.

मास्तरांच्या सांगण्याप्रमाणे अर्जाचा मसुदा मी केला, ताईने सही केली, दाजी सोमवारी एक दिवस रजा काढून शाळेत गेले आणि शिक्का घेऊन आले. ताई म्हणाली की या सगळ्यात दाजींनी प्रथमच एक काम अथपासून इतिपर्यंत केले. आत्याला फोन केला. ती दुखावली आहे, "आम्ही काय परके आहोत का?" असे म्हणाली. मी उत्तर दिले नाही. आजींच्या गोळ्यांसह सर्व औषधे ताईच्या कपाटात गेली, त्यावरून घरात एक दिवस बरीच धुसफुस झाली, कारण आजींना वाटले की आपल्यावर अविश्वास दाखवला. त्यांना खरे कारण किती सांगावे हा प्रश्न अजून सुटलेला नाही. तुमच्यापैकी कोणी घरातल्या वडीलधाऱ्यांना हे समजावले असेल तर जरूर लिहा.

पारिजात यांनी सुचवलेला तो सरळ प्रश्न ताईने विचारला. विचारताना तिने माझा हात धरला होता. भाची बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आधी यायचे. आता कमी येतात." मग तिने विचारले, "हे तुला बाईंनी विचारायला सांगितलं का?" ताईने खरे ते सांगितले, की मावशीने सांगितले. ही गोष्ट दुसऱ्या दिवशी समुपदेशक बाईंना कळवली आहे.

आणि बुधवार. मी बँकेजवळच ताईला गाठले, स्वयंपाकाचे डबे माझ्या पिशवीत होते. भाची आत गेली, दार लागले आणि ताई नेहमीच्या खुर्चीवर बसू लागली, तशी मी तिला उठवले. ती म्हणाली, "आणि मध्येच काही लागलं तर?" आतल्या बाईंकडे तिचा फोन नंबर आहे, हे मी तिला दोनदा सांगितले. आम्ही तलावपाळीवर चालत गेलो, कठड्यापाशी बसलो आणि एक भेळ दोघींत घेतली. पहिली दहा मिनिटे ती घड्याळ पाहत होती. नंतर बँकेतल्या नव्या मॅनेजरच्या बोलण्याची नक्कल करू लागली, जी ती लग्नाआधी आमच्या शाळेतल्या बाईंची करायची, तशीच, मान तिरकी करून. त्या नादात निघायला उशीर झाला. परत पोचलो तेव्हा सत्र संपून पाच मिनिटे झाली होती आणि भाची बाहेरच्या खुर्चीवर एकटीच बसली होती. ताईचा चेहरा पांढरा पडला. तिने माफी मागायला तोंड उघडले, पण भाची तिच्या हाताकडे पाहत होती.

"भेळ?" ती म्हणाली. "आणि माझ्यासाठी नाही आणली?"

आम्ही तिघी परत तलावपाळीवर गेलो. रिक्षात तिने हेडफोन घातलेच, पण एकाच कानात.